विशेष शिक्षक हवा, तर विशेष वेतन का नको?



गेल्या महिन्याच्या बैठकीत शेवटचा विषय निघाला तेव्हा निम्मी मंडळी घरी गेलेली होती. म्हणून तिथे काय घडले ते आधी सांगतो. शासनाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी वाचून दाखवला. त्यात मागण्या दोनच होत्या. सरकारी शाळांत दिव्यांग मुलांसाठी विशेष शिक्षकांची कायम पदे भरावीत, ही पहिली. त्या पदाला शिक्षकाच्या नेहमीच्या पगाराखेरीज विशेष भत्ता मिळावा, ही दुसरी. पहिल्या मागणीला सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरी वाचताच आपल्यातले एक ज्येष्ठ काका उठले आणि म्हणाले, "अशा मुलांना शिकवणे ही सेवा आहे. सेवेचे जादा पैसे मागणारा मास्तर आपल्याला नकोच." टाळ्या पडल्या. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आणि चहा आला.

काकांविषयी मला आदर आहे. त्यांनी शासकीय सेवेत आयुष्य काढले आणि समाजाच्या गणेशोत्सवाचा हिशेब वीस वर्षे पै-पैसा जुळवून ठेवला. पण याच काकांना महागाई भत्त्याचा हप्ता पंधरा दिवस लांबला तर चैन पडत नाही, हे ते स्वतः हसत सांगतात. त्यात चूक काहीच नाही, तो त्यांचा हक्क आहे. मला एवढेच विचारायचे आहे की आपल्या कामाला नोकरी म्हणणारे आपण, दुसऱ्याच्या त्याहून अवघड कामाला सेवा का म्हणतो? आणि ते म्हणण्याची वेळ नेमकी पगाराचा आकडा ठरायच्या आधीच का येते?

विशेष शिक्षक म्हणजे कोण, ते बैठकीत नीट सांगायला वेळ मिळाला नाही. शाळेत दिव्यांग मुलांशी प्रेमाने वागणारा कोणताही शिक्षक म्हणजे विशेष शिक्षक नव्हे. विशेष शिक्षणातले बी.एड. किंवा डी.एड. केलेला आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला माणूस म्हणजे विशेष शिक्षक. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झाली. नोंदणी नसताना हे काम करणे त्या कायद्याखाली दंडनीय आहे. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, तसेच हे. आंधळ्या मुलाला ब्रेल शिकवायची, ऐकू न येणाऱ्याशी खुणांच्या भाषेत बोलायचे, स्वमग्न मुलाला वर्गाच्या गोंगाटात बसायची सवय लावायची, अक्षरे उलटी दिसणाऱ्या मुलाला "आळशी" म्हणून मार खाण्यापासून वाचवायचे, ही सगळी वेगवेगळी शास्त्रे आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगतेचे २१ प्रकार आहेत, त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. चाळीस मुलांच्या वर्गाला एक धडा चालतो. इथे दहा मुले म्हणजे दहा वेगळे धडे, दहा नोंदवह्या आणि दहा घरांच्या आईबापांशी बोलणी.

आता माझ्या धंद्यातले सांगतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत क्लार्क. (हल्ली आम्हाला कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात. खिडकी तीच आहे.) आमच्या केडरमध्ये सगळ्यांची वेतनश्रेणी एक. पण ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली असते त्या हेड कॅशियरला विशेष वेतन मिळते. स्पेशल असिस्टंटला मिळते, सिंगल विंडोवर बसणाऱ्यालाही मिळते. जे.ए.आय.आय.बी. पास झाला की एक वेतनवाढ, सी.ए.आय.आय.बी. झाला की आणखी दोन. हे सगळे बँक संघटना आणि बँक व्यवस्थापन यांच्या द्विपक्षीय करारात लिहिलेले आहे आणि दर करारात त्याचे आकडे वाढतात. आजवर कोणी हेड कॅशियरला म्हणाले नाही की नोटा मोजणे ही सेवा आहे, भत्ता कसला मागतोस? जोखीम जास्त, जबाबदारी जास्त, शिक्षण जास्त, म्हणून पैसे जास्त. सियाचिनला असलेल्या जवानालाही वेगळा भत्ता मिळतो, आणि त्याने त्याचे देशप्रेम कमी झाले असे काकासुद्धा म्हणणार नाहीत.

हे विशेष वेतन माणसाला नसते, खुर्चीला असते, हेही लक्षात घ्या. हेड कॅशियर ती किल्ली सोडतो त्या दिवशी भत्ताही सुटतो. म्हणून शाखेत मत्सर होत नाही, उलट किल्ली घ्यायला लोक पुढे येतात. बैठकीत एका ताईंनी विचारले होते की एका शिक्षकाला जास्त दिले तर स्टाफरूममध्ये भांडणे नाही का लागणार? त्यांना माझे हेच उत्तर आहे.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो मात्र करार वाचून नव्हे. आमच्या शाखेत शेजारच्या काउंटरवर एक मुलगी बसते. वय तिशीच्या आसपास, हुशार, ग्राहकांशी बोलण्यात माझ्यापेक्षा कितीतरी सरस. एकदा एक बाई आपल्या ऐकू न येणाऱ्या मुलाला घेऊन खाते उघडायला आल्या. फॉर्मवर सही कुठे करायची ते मी मोठ्याने ओरडून सांगत होतो, जसे काही माझा आवाज कमी पडत होता. ही मुलगी उठली आणि हातांनी त्याच्याशी बोलायला लागली. तो मुलगा असा खुलला की त्याची आईच रडायला लागली. नंतर कळले की तिने विशेष शिक्षणात बी.एड. केले आहे, परिषदेची नोंदणी आहे, आणि बँकेत येण्याआधी चार वर्षे तिने एका विकासखंडात मानधनावर हेच काम केले होते. आज या गावच्या शाळेत, उद्या त्या गावच्या. वर्षातून एकदा करार संपायचा, मग नव्याने होईपर्यंत घरी. हातात पडायचे ते आमच्या शाखेच्या सुरक्षा रक्षकापेक्षा कमी, आणि त्यातून स्कूटीचे पेट्रोल स्वतःचे. बापाचे आजारपण आले तेव्हा तिने बँक क्लार्कची परीक्षा दिली आणि पहिल्याच झटक्यात पास झाली.

तिच्या जागी तुमची मुलगी असती तर तुम्ही काय सल्ला दिला असता, ते मनात विचारून पाहा. मी तरी बँकच सांगितली असती. तिने अजून नोंदणी मरू दिलेली नाही. स्वतःची रजा आणि स्वतःचे पैसे खर्चून ती प्रशिक्षणाला जाते, म्हणजे नूतनीकरण होते. राज्याच्या पैशाने, विद्यापीठाच्या जागेवर तयार झालेली विशेष शिक्षिका आज पासबुके छापते आहे.

आणि ती एकटी नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे जी आकडेवारी आली ती पाहा. देशभरातल्या शाळांत विशेष गरजा असलेली मुले सुमारे साडेबावीस लाख. त्यांच्यासाठी विशेष शिक्षक साडेअठ्ठावीस हजारांच्या घरात. भागाकार करा, एका शिक्षकामागे ७९ मुले येतात. परिषदेकडे नोंदणी झालेले विशेष शिक्षक मात्र सुमारे १ लाख २० हजार. त्यातले काही खास शाळांत असतील, काही संस्थांत, काही घरी शिकवण्या घेत असतील. तरी फरक नव्वद हजारांचा आहे. माणसे अजिबात नाहीतच असे नाही. पुष्कळशी तयार आहेत, ती शाळेत नाहीत. आणि जी मुले शाळेतच नाहीत त्यांचा आकडा वेगळा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ५ ते १९ वयाच्या दिव्यांग मुलांपैकी २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंडच पाहिलेले नव्हते.

तो खटला होता रजनीश कुमार पाण्डेय विरुद्ध भारत सरकार. २८ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितले की विशेष शिक्षकांची कायम पदे निर्माण करा आणि किती मुलांमागे एक शिक्षक ते ठरवा. केंद्राने सप्टेंबर २०२२ मध्ये ते ठरवले: प्राथमिकला १० मुलांमागे एक, उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक. त्यानंतर राज्ये स्वस्थ बसली. शेवटी ७ मार्च २०२५ ला कोर्टाला पुन्हा बजावावे लागले की सगळ्या राज्यांनी तीन आठवड्यांत पदसंख्या जाहीर करावी, आणि वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्यांची पात्रता तपासून त्यांना त्या पदाची वेतनश्रेणी द्यावी. म्हणजे निवेदनातली पहिली मागणी आता आपली राहिलेलीच नाही, ती देशाच्या सर्वोच्च न्यायालयाची आज्ञा आहे. ज्याला टाळ्या पडल्या नाहीत तीच खरी आपली मागणी.

महाराष्ट्राचे उदाहरण कोणीतरी बैठकीत दिले ते बरोबर होते. तिथल्या मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये केंद्र स्तरावर, म्हणजे दहा-पंधरा शाळांच्या गटाला मिळून, ४,८६० विशेष शिक्षकांची पदे मंजूर केली आणि कंत्राटी विशेष शिक्षकांना त्यांत सामावून घ्यायचे ठरवले. पाऊल चांगले आहे. पण एका शिक्षकाने दहा-पंधरा शाळा सांभाळायच्या, तर मोटारसायकलवर जास्त वेळ जाणार की मुलापाशी? त्या माणसाला रोज पन्नास किलोमीटर हिंडवणार असाल तर त्याचे वेगळे काही द्याल की नाही?

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती. भत्त्याची मागणी ऐकून "ही काय नवीन टूम काढली" असे जे म्हणाले त्यांनी कान देऊन ऐकावे. ही मागणी नवी नाही. भारत सरकारने ती एकदा मान्य केलेली आहे! अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाची केंद्राची योजना १९७४ पासून होती. १९९२ मध्ये ती सुधारली तेव्हा तिच्यात स्पष्ट लिहिले होते की विशेष शिक्षकाला त्या राज्यातल्या त्याच दर्जाच्या शिक्षकाची वेतनश्रेणी मिळेल, आणि कामाचे वेगळेपण पाहून त्यावर विशेष वेतन मिळेल: शहरात दरमहा १५० रुपये, खेड्यात २०० रुपये. प्रमाणही ८ मुलांमागे एक शिक्षक असे धरले होते. खेड्याला शहरापेक्षा जास्त, हेसुद्धा त्या वेळच्या कारकुनांना सुचले होते. आज दोनशे रुपये ऐकून हसू येईल. पण तेव्हा केंद्राच्या प्राथमिक शिक्षकाची श्रेणी १,२०० रुपयांपासून सुरू होत होती. दोनशे म्हणजे मूळ पगाराचा सहावा हिस्सा.

आज मध्य प्रदेशात प्राथमिक शिक्षकाचा मूळ पगार २५,३०० पासून सुरू होतो. त्याचा सहावा हिस्सा काढा: ४,२०० रुपये आणि वर थोडे. निवेदनात मी जो आकडा घातला आहे तो हाच. हवेतून आणलेला नाही, १९९२ चा आकडा आजच्या पगारावर बसवला आहे. फक्त एक दुरुस्ती केली आहे. रक्कम ठोक लिहायची नाही, मूळ पगाराचा हिस्सा म्हणून लिहायची. ठोक रकमेचे काय होते ते बँकवाल्याइतके कोणाला माहीत? दोनशे रुपये दोनशेच राहतात, बटाटे मात्र राहत नाहीत.

मग हे विशेष वेतन गेले कुठे? ते रद्द झाल्याचा मोठा हुकूम निघाला असे नाही. ज्या कायम पदाला ते चिकटलेले होते ते पदच पातळ होत गेले. सर्व शिक्षा अभियान आले, मुलामागे वर्षाला इतके रुपये असा हिशेब आला, आणि कायम शिक्षकाच्या जागी मानधनावरचे स्रोत शिक्षक, फिरते सलाहकार अशी माणसे आली. सध्याच्या समग्र शिक्षा योजनेत एका दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे, म्हणजे दिवसाला दहा रुपयेही नाहीत. माणूस मानधनावर आला की भत्ता कशावर चढवणार? खुंटीच नाही तर कोट कुठे टांगणार?

स्वस्त मास्तरांचा आपल्या राज्याला दांडगा अनुभव आहे. १९९७ मध्ये शिक्षा गारंटी योजना आली तेव्हा गुरुजींना महिना ५०० रुपये मिळत. त्याच सुमाराला कायम सहायक शिक्षकाची भरती थांबवून शिक्षाकर्मी आणले, मग संविदा शिक्षक, मग २००७ मध्ये अध्यापक संवर्ग. वीस वर्षे मोर्चे, उपोषणे, भोपाळच्या रस्त्यांवर लाठ्या, कोर्टात शेकडो याचिका. शेवटी २०१८ मध्ये त्यांना शिक्षकांच्या नव्या संवर्गात घ्यावेच लागले. अतिथी शिक्षकांचे मानधन सप्टेंबर २०२३ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, एका घोषणेत दुप्पट झाले. वर्ग तीनचे ५,००० होते ते १०,००० झाले. एका भाषणात दुप्पट करता येते, याचा अर्थ आधी निम्मे देत होते. पैसे वाचले असे कागदावर दिसले, पण त्या वीस वर्षांत जी मुले पहिलीतून दहावीला आली किंवा आली नाहीत, त्यांचा हिशेब कोणत्या खात्यात लिहायचा? ज्या मुलाला पाचव्या वर्षी बोलणे शिकवायचे असते त्याला पंचविसाव्या वर्षी शिकवून चालत नाही. हे दिव्यांग मुलांच्या बाबतीत फार क्रूरपणे खरे आहे.

भत्त्याने खरेच काही होते का, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या हवाई राज्यात विशेष शिक्षकांचा असाच दुष्काळ होता. जानेवारी २०२० पासून तिथे प्रत्येक विशेष शिक्षकाला वर्षाला १० हजार डॉलर जादा द्यायला सुरुवात झाली. संशोधकांनी नंतर तपासले तेव्हा रिकाम्या जागा जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झालेल्या दिसल्या. पण त्यातली मेख अशी की नवीन माणसे आकाशातून पडली नाहीत. बहुतेक करून साधारण वर्गांवर शिकवणारे, पण विशेष शिक्षणाचा परवाना खिशात असलेले शिक्षक तिकडून इकडे आले. म्हणजे भत्त्याने शिक्षक तयार केले नाहीत, दडलेले बाहेर काढले. आपल्याकडचे दडलेले परवानेवाले शाळेच्या दुसऱ्या वर्गात नाहीत. ते बँकेत, विमा कंपनीत, कोचिंग क्लासात आणि घरी आहेत. त्यांना परत आणायचे तर आधी कायम पद, मग वेतनश्रेणी, आणि त्यावर भत्ता, याच क्रमाने. कंत्राटावर भत्ता चढवला तर ती मुलगी आमच्या काउंटरवरून हलणार नाही, आणि हलू नये.

एक कबुली द्यायला हवी. परत येणारे सगळे आले तरी माणसे पुरणार नाहीत. १० मुलांमागे एक या प्रमाणाने साडेबावीस लाख मुलांना सव्वादोन लाख शिक्षक लागतील, १५ मुलांमागे एक धरला तरी दीड लाख. नोंदणी आहे १ लाख २० हजारांची. तेव्हा नवे शिक्षक तयार करावेच लागतील. पण बारावीनंतर काय शिकायचे हे घराघरात ठरते तेव्हा पहिला प्रश्न "नोकरी कुठली आणि पगार किती" हाच असतो. भत्ता जाहिरातीत छापून आला तर ते शिक्षण घ्यायला चार मुले जास्त जातील. सेवेचा उल्लेख छापून आला तर निबंध स्पर्धा होईल.

सेवेवर श्रद्धा असलेल्यांना मी जोतीराव फुल्यांची आठवण करून देतो. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षकाला किमान १२ रुपये पगार आणि मोठ्या गावांत १५ ते २० रुपये मागितले होते. एवढ्यावर न थांबता, खेड्यातल्या ज्या शिक्षकाची जास्त मुले पास होतील त्याला पगाराखेरीज वेगळा भत्ता द्या, असेही त्यांनी सांगितले होते. ज्यांनी स्वतःच्या खिशातून शाळा चालवल्या त्या माणसाला सेवा कळत नव्हती असे कोण म्हणेल? दुसऱ्याकडून काम करून घ्यायचे तर दाम मोजावे लागतात, हे त्यांना कळत होते.

अंबोदियाच्या सेवाधाम आश्रमाचे नावही बैठकीत निघाले. "तिथे होतेच की," असे कोणीतरी म्हणाले. त्या आश्रमाला आपण नमस्कारच करायला हवा. पण ज्यांना कोणीच नाही त्यांना तिथे आसरा मिळतो. ज्या मुलाला आई आहे, घर आहे, गल्लीत शाळा आहे, त्याला शाळेत बसवायचे काम आश्रमाचे नाही, शासनाचे आहे. कायदाही तेच सांगतो.

पैशाचा हिशेब न मांडता बसलो तर मी कसला बँकवाला? समजा राज्यात १० हजार विशेष शिक्षक नेमले आणि प्रत्येकाला महिना ४,२०० भत्ता दिला. वर्षाला होतात ५० कोटी ४० लाख. मध्य प्रदेशचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प होता ४ लाख २१ हजार कोटींचा. म्हणजे दर दहा हजार रुपयांत एक रुपया वीस पैसे. पूजेच्या ताम्हनात आपण सव्वा रुपया ठेवतो, तेवढाही होत नाही. पगाराचा खर्च वेगळा आणि मोठा आहे, हे मान्य. पण तो तर कोर्टाने करायलाच सांगितला आहे. आपला वाद फक्त वरच्या एक रुपया वीस पैशांचा आहे.

आता थोडे आपल्या घरातले बोलतो, राग मानू नये. आपण शिंदेशाहीपासून इथे राहणारी माणसे. कोणाचे पणजोबा सरदारांकडे कारकून, कोणाचे आजोबा माधव कॉलेजात, कोणी महाराजवाड्याच्या शाळेत शिकले, कोणी शिकवले. मास्तरकी हा आपल्या घराण्यांचा जुना व्यवसाय. त्याच घराण्यांच्या वाड्यांत आतल्या खोलीत एखादा काका, एखादी आत्या आयुष्यभर बसलेली आपण पाहिली आहे. पाहुणे आले की दार ओढून घ्यायचे. लग्नपत्रिकेत नाव नसायचे. माझ्या लहानपणी शेजारच्या वाड्यात असा एक दादा होता. त्याला आकाशवाणीच्या सगळ्या कार्यक्रमांच्या वेळा मिनिटासकट पाठ होत्या. सगळे त्याला वेडा म्हणत, मीही म्हटले आहे. आज वाटते, त्याला एक शिक्षक मिळाला असता तर तो माझ्या आधी बँकेत लागला असता. तेव्हा शास्त्र माहीत नव्हते ही सबब होती. आता शास्त्र आहे, कायदा आहे, कोर्टाचा हुकूम आहे, शिकलेली माणसे आहेत. सबब राहिली आहे ती फक्त पैशाची, आणि ती आपणच पुढे करायची?

कोणी म्हणेल, आपली मुले सरकारी शाळेत जातात कुठे? जात नाहीत, खरे आहे. पण खासगी शाळेने "आमच्याकडे सोय नाही" म्हणून परत पाठवलेली मुले आपल्या समाजातही आहेत, आणि त्यांच्या आया ही गोष्ट हळदीकुंकवाला सुद्धा बोलत नाहीत. सरकारी पदाला चांगला पगार आणि भत्ता लागला की खासगी शाळांनाही दर वाढवावा लागतो. पगाराची पातळी नेहमी वरून ठरते, बँकांचा अनुभव हेच सांगतो.

राजकारणाचे दोन शब्द. डिसेंबर २०२३ मध्ये उज्जैन दक्षिणचे आमदार राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्याआधी ते उच्च शिक्षण मंत्री होते. आपल्या गावातून एवढ्या उंचीवर माणूस जाण्याचा योग रोज येत नाही. २०२८ मध्ये सिंहस्थ आहे आणि त्याच वर्षाअखेर विधानसभेची निवडणूक. सिंहस्थासाठी विशेष अधिकारी नेमले जातात, विशेष पदे काढली जातात, विशेष निधी मिळतो, आणि मिळायलाच हवा, आपले गावच त्यावर उभे आहे. "विशेष" या शब्दाचा अर्थ शासनाला कळतो हे त्यावरून सिद्ध होते. गणेशोत्सवात, कोजागरीला, शिवजयंतीला सर्व पक्षांचे नेते आपल्या व्यासपीठावर येतात, शाल-श्रीफळ घेतात, "मराठी समाज सुसंस्कृत आहे" असे म्हणतात आणि जातात. सुसंस्कृत याचा त्यांच्या डिक्शनरीतला अर्थ, काही मागत नाही. या वर्षी श्रीफळाबरोबर निवेदनाची प्रतही द्यावी, आणि उत्तर कधी मिळेल ते माइकवरच विचारावे, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

निवेदनात काय असावे ते पुन्हा लिहितो. प्राथमिकला १० आणि उच्च प्राथमिकला १५ मुलांमागे एक या प्रमाणात उज्जैन जिल्ह्याच्या सहाही विकासखंडांतली पदसंख्या जाहीर करावी. पदे कायम असावीत. आज मानधनावर असलेल्या पात्र माणसांना आधी घ्यावे. विशेष भत्ता मूळ पगाराचा सहावा हिस्सा असावा, तो पदाला जोडलेला असावा, आणि जो एकाहून जास्त शाळा सांभाळेल त्याला प्रवासखर्च वेगळा मिळावा. भत्त्याचा उल्लेख भरतीच्या जाहिरातीतच असावा, मागाहून "विचाराधीन" नको.

मसुद्याची प्रत समाजाच्या कार्यालयात ठेवली आहे. आजपर्यंत ३१ सह्या झाल्या आहेत, त्यांत काकांच्या सूनबाईंची एक आहे. येत्या चार रविवारी सकाळी १० ते १२ मी स्वतः तिथे बसणार आहे. ज्यांचा अजून विरोध असेल त्यांनी जरूर यावे, येताना आपली पगाराची किंवा पेन्शनची पावती सोबत आणावी. भत्त्यांचा रकाना आपण मिळून वाचू.